बारा सायकलींची सोय

५ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.१०

सायकल चोरीला गेली. ग्रंथालयाच्या कुंपणापासून, दिवसाढवळ्या, आत मी उपग्रंथपाल म्हणून खुर्चीत बसलेलो असताना. हा माझ्यापेक्षा खुर्चीचा अपमान आहे.

दिवसच वाईट. दुपारच्या सुट्टीत जाऊन दाढ काढून घेतली. डॉक्टरीणबाईंनी भूल इतकी सढळ हाताने दिली की बसने परत आलो एवढं आठवतं, तिकीट काढल्याचं आठवत नाही. पाच वाजता बाहेर येऊन बघतो तर कुंपण जागेवर, सायकल गायब. कुलूपसुद्धा नेलं. चोर सराईत असणार.

तोंड उघडत नव्हतं म्हणून बायकोला हातवारे करून सांगितलं. तिला वाटलं, दोन दाढा काढल्या.

६ सप्टेंबर

पोलीस चौकी. हवालदार म्हणाले, शेवटची कुठे पाहिली? म्हटलं, चोरीला गेली तिथे. म्हणाले, नक्की तिथेच लावली होती ना? मी त्यांना शांतपणे सांगितलं की मी सत्तेचाळीस हजार पुस्तकं त्यांच्या त्यांच्या जागी ठेवणारा माणूस आहे. त्यांनी तेही तक्रारीत लिहून घेतलं.

दातांच्या दवाखान्यातून फोन आला. उचलला नाही. नवा दात बसवा म्हणणार.

८ सप्टेंबर

घरात आता एकच सायकल उरली. बायकोची. निळी, पुढे वेताची टोपली, तिने पहिल्या पगारात घेतलेली. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढते. साडेसहाला उपाशीपोटी लोक रांगेत बसलेले असतात आणि पहिली बस सातला सुटते. म्हणजे ती सायकल म्हणजे तिचे पायच.

दुपारी तीनला ती घरी येते. म्हटलं, तीननंतर सायकल मला देत जा. ती म्हणाली, "नाही." पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबलो. आलं नाही. जेवताना आलं. म्हणाली, "तुझ्या हातात दिलेली वस्तू परत येत नाही. छत्र्या मोज."

तीन वर्षांत पाच छत्र्या गेल्या हे खरं. पण या गावात छत्रीचोरांची टोळी आहे त्याला मी काय करणार? 

रात्री विचार केला. दोष चोरांचाही नाही, व्यवस्थेचा आहे. सार्वजनिक ठिकाणी सायकल सुरक्षित ठेवायला जागाच नाही. ती मी करणार. आणि ज्या दिवशी बायको आपणहून तिची निळी सायकल माझ्या जागेत लावून, मागे वळून न बघता निघून जाईल, त्या दिवशी काम पूर्ण झालं असं समजणार. तोवर नाही.

११ सप्टेंबर

ग्रंथपाल बाईंपुढे योजना ठेवली. अठरा पानं, नकाशे वेगळे. बाईंनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, "पुढच्या दारासमोर चार कमानी रोवा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत राहतील. झालं काम."

मी हसलो (डावीकडून. उजवी बाजू अजून सुजलेली). जे लोकांच्या नजरेत राहील ते चोराच्या नजरेत राहणार नाही का? माझी योजना: इमारतीच्या मागे, चारी बाजूंनी लोखंडी जाळी, वर पत्रा, दार, कुलूप. बारा सायकलींची सोय.

शेवटी सही केली. म्हणाल्या, "वाचकांच्या नव्या खुर्च्यांचा निधी आहे हा. लक्षात असू द्या." माझ्या लक्षात सगळं असतं.

१४ सप्टेंबर

माझी सायकल नसल्यामुळे बायकोच्या सायकलीची मापं घेतली. टेप तिनेच धरली, नाहीतर म्हणे मी गिअर बिघडवला असता. लांबी घेतली, उंची घेतली, चाकाचा व्यास घेतला. ती म्हणाली, "हँडलची रुंदी?" म्हटलं, सायकल आत लांबीने जाते, रुंदीने नाही. ती म्हणाली, "आणि हँडल? ते बाहेर थांबतं?" 

काही लोकांना तांत्रिक गोष्टी समजावण्यात अर्थ नसतो.

२२ सप्टेंबर

वेल्डर आला. माणूस कामाचा, पण बोलतो फार. म्हणाला, "साहेब, दार बाहेर उघडू दे." म्हटलं, आत. बाहेर उघडलं तर वाटेने जाणाऱ्याला लागेल. म्हणाला, "आत उघडलं तर सायकलीला लागेल." म्हटलं, सायकल तक्रार करत नाही. 

मग विचारलं, नट आतून लावू की बाहेरून? म्हटलं, बाहेरून. उद्या दुरुस्ती करायची तर सोपं. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "पाना असलेल्या कुणालाही सोपं." हे मला त्याच क्षणी सुचलंच होतं. ताबडतोब आदेश दिला की सगळे नट वेल्ड करून टाक. म्हणाला, मग हे परत कधीच उघडणार नाही. म्हटलं, त्यालाच सुरक्षा म्हणतात.

दवाखान्यातून पुन्हा फोन. त्या डॉक्टरीणबाईंना दुसरे रुग्ण नाहीत का?

४ ऑक्टोबर

तळ उभा राहिला! हिरवा रंग, दोन हात. नाव 'सुरक्षित सायकल तळ'. पाटी लावली.

ग्रंथालयातल्या सगळ्यांच्या सायकली मागून आणून चाचणी घेतली. एक किरकोळ बाब: शेजारशेजारच्या सायकलींची हँडलं एकमेकांत अडकतात. एकाआड एक कमान मोकळी सोडावी लागते. म्हणजे सहा. शिवाय दार आत उघडताना दोन सायकलींच्या जागेवरून फिरतं. म्हणजे चार.

सध्या चार. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा. घरी मात्र 'बारा' असंच सांगितलं, कारण कमानी बाराच आहेत.

मुलगी कॉलेजातून येता येता बघून आली. म्हणाली, "बाबा, छान आहे. पण लोक त्याला पिंजरा म्हणतायत." म्हटलं, कोण लोक? म्हणाली, "सगळे."

६ ऑक्टोबर

लोक अजून पुढच्या कुंपणालाच सायकली बांधतात. सुरक्षितता पन्नास पावलांवर उभी आहे आणि यांना पन्नास पावलं जड! कुंपणाजवळ लोखंडी खांब रोवून फलक लावला: 'कुंपणास सायकली बांधू नयेत. मागे सुरक्षित सायकल तळ आहे.'

दुपारी बघतो तर कुंपण मोकळं. समाधान वाटलं. जवळ गेलो. तीन सायकली फलकाच्या खांबाला बांधल्या होत्या. एक मुलगी कुलूप लावता लावता म्हणाली, "थँक्यू काका, हा खांब एकदम मजबूत आहे."

९ ऑक्टोबर

लोक का येत नाहीत याचं उत्तर सापडलं. रीतसर नोंदणी नाही. अर्ज तयार केला. फक्त सहा पानं. मालकाचा फोटो, सायकलीचा फोटो (डावी बाजू), खरेदीची पावती, पूर्वी चोरी झाली असल्यास तपशील, दोन जामीनदार. पन्नास प्रती काढून काउंटरवर ठेवल्या.

संध्याकाळपर्यंत एक प्रत गेली. उत्साहाने चौकशी केली. पेपरवाले आजोबांनी नेली होती. हे आजोबा सकाळी ग्रंथालय उघडताना येतात, गावातली सगळी वर्तमानपत्रं वाचतात आणि आम्ही दिवे बंद केले की जातात. कोरी बाजू शब्दकोड्याच्या कच्च्या कामाला उपयोगी पडते म्हणाले. कागद चांगला आहे असंही म्हणाले.

१२ ऑक्टोबर

तळाच्या आत माणूस! धावत गेलो. पेपरवाले आजोबा. स्टूल टाकून, पाय कमानीवर ठेवून पेपर वाचत होते. म्हणाले, "आत खुर्च्या मोडक्या आहेत हो. इथे हवा छान येते. शिवाय जाळीमुळे कोणी शेजारी येऊन बसत नाही."

त्यांना नियम समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पान उलटलं.

कुलूप यायला हवं. कुलूप आलं की सगळं मार्गी लागेल.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

कटकटीचा दिवस. कुलूप आज येणार होतं, आलं नाही. कंपनीला सात फोन केले.

घरी आलो तर बायको तो गडद निळा ड्रेस घालून बसलेली. केसही काहीतरी वेगळे. विचारलं, लॅबमध्ये तपासणी होती का? नाही म्हणाली. मग म्हणाली, "बाहेर जेवायला जायचं?" म्हटलं, आजच का? कुलपाचं काय झालं ते आधी ऐक. ती म्हणाली, "आज काय आहे?" म्हटलं, मंगळवार. 

ती हसली. म्हणजे हसल्यासारखं केलं. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, नीट आठवा." मी नीट आठवलं. मंगळवारच होता. मुलीने आपल्या खोलीचं दार जरा जास्तच जोरात लावलं.

कालची भाजी खाल्ली. घरच्यांना माझ्या कामाचा ताण समजत नाही.

२१ ऑक्टोबर

कुलूप आलं! चार आकड्यांचं, विजेवर चालणारं, दाबलं की टुकटुक वाजतं. बसवायला आलेला तंत्रज्ञ सांगत होता की सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत: साधी, मध्यम, उच्च. 'उच्च' म्हटल्याबरोबर मी होकार दिला. तीनदा चुकीचा नंबर दाबला की कुलूप एक दिवस बंद. बंद असताना कुणी खटपट केली तर प्रत्येक खटपटीला आणखी एक दिवस. चोराचं नाकच ठेचलं!

तंत्रज्ञ म्हणाला, अडचणीच्या वेळची जादा किल्ली कुठे ठेवायची ते ठरवा. बाहेर ठेवली तर चोरीला जाणार. म्हणून काचेच्या पेटीत घालून तळाच्या आत, मागच्या जाळीवर टांगली. तो म्हणाला, "आत?" म्हटलं, सर्वांत सुरक्षित जागा तीच आहे. त्यासाठीच तर बांधली. त्याने सामान जरा घाईनेच आवरलं.

नंबर ठेवला १९११. आमच्या लग्नाची तारीख, एकोणीस नोव्हेंबर. बायकोला कुठे लिहून द्यायची गरज नाही. लोक म्हणतात पुरुषांना अशा तारखा लक्षात राहत नाहीत. माझ्या डोक्यात मात्र कोरलेली आहे. उलट बायकोच दरवर्षी उतावीळ होते आणि महिनाभर आधीच बाहेर जेवायला नेते. मी कधी बोलून दाखवत नाही.

२५ ऑक्टोबर

शुक्रवारी उद्घाटन. कार्यकारिणीचे सभासद येणार, बाई फीत कापणार, आणि शनिवारी सकाळी नऊला सभासद पुन्हा येऊन रात्रभराच्या चाचणीचा निकाल बघणार. चाचणीसाठी आत सायकल हवी. अर्ज अजून शून्य.

सहकाऱ्यांना विचारलं. एकाने सांगितलं चाक पंक्चर आहे. दुसऱ्याने सांगितलं त्याला सायकल चालवता येत नाही. तो रोज सायकलनेच येतो.

दवाखान्यातून फोन. कापला.

२६ ऑक्टोबर

बायकोला विचारलं. ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "शनिवारी सकाळी साडेसहाला मला टेबलावर असायला हवं. वीस-बावीस जण उपाशी बसलेले असतात. त्यात शुगरवाले असतात. तुझ्या पिंजऱ्यापायी त्यांना चक्कर यायला नको."

म्हटलं, ग्रंथालय तुझ्या वाटेवरच आहे. घरून पाच मिनिटं चालायचं, सायकल काढायची, निघायचं. ती म्हणाली, "आणि कुलूप उघडलं नाही तर?" म्हटलं, कसं उघडणार नाही? नंबर तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक असणार नाही. "कुठला नंबर?" म्हणाली.

म्हटलं, आपल्या लग्नाची तारीख.

तिने नळ बंद केला. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुझ्या लक्षात होती?" म्हटलं, म्हणजे काय! "मग त्या दिवशी..." म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

ती म्हणाली, "ने सायकल."

बावीस वर्षांत तिचे डोळे असे मी एकदोनदाच पाहिलेत. तळाच्या आराखड्याचा प्रभाव.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री ९.४०

उत्तम! बाईंनी फीत कापली. मी वीस मिनिटं बोललो. आजोबांनी मधेच टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं संपलं. बायको लॅबमधून थेट आली, निळी सायकल आत नेली, कमानीला टेकवली, स्वतः दार ओढून घेतलं. टुक. आणि मागे वळून न बघता चालू लागली.

मागे वळून न बघता. मी ८ सप्टेंबरला लिहिलं होतं अगदी तसं.

काम पूर्ण. फोन बंद करून झोपतो. आठ तास झोप हा नवा नियम.

२८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७.५०

फोन चालू केला. अकरा मिस्ड कॉल. सगळे बायकोचे, ६.०५ ते ६.३१ या वेळातले. शेवटी एक मेसेज: "उघडत नाही. पायी निघते."

सकाळी ९.४५

धावत गेलो. कुलपावर लाल दिवा. १९११ दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही. नीट, एकेक आकडा मोजून दाबलं. असं नऊ वेळा केलं. मग आठवलं की बंद असताना प्रत्येक खटपटीला एक दिवस वाढतो. म्हणजे आता तळ एकूण दहा दिवस बंद.

सभासद आले. जाळीतून आतली सायकल पाहिली, दिवा पाहिला. अध्यक्ष म्हणाले, "सुरक्षित आहे खरी." बाई सरळ आत निघून गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ५.००

बायको अर्धी वाट धावत, अर्धी चालत सात वाजून दहा मिनिटांनी पोचली. रांगेतल्या एका शुगरवाल्या बाईंना भोवळ आली होती. त्यांना बिस्किटं दिली, म्हणजे त्यांची उपाशीपोटीची तपासणी गेली, पुन्हा यावं लागणार. लॅबप्रमुखांनी बायकोला लेखी समज दिली. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिली.

मी तिला समजावलं की दोष कुलपाचा आहे. किंवा तिच्या बोटांचा. सकाळी थंडीत बोटं आखडतात. ती म्हणाली, "मी आपल्या लग्नाची तारीख दाबली. तीन वेळा." म्हटलं, तीच तर आहे! ती म्हणाली, "मग लिही कंपनीला पत्र."

आवाज इतका शांत होता की मी दोनदा खात्री केली, ती माझ्याशीच बोलतेय ना.

रात्री ८.३०

कंपनीला पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. 'ग्राहकाने अचूक नंबर दाबूनही' अशी सुरुवात आहे. पुरावा म्हणून लग्नाच्या दाखल्याची प्रत जोडणार. मग बसतील गप्प.

२९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.००

कपाटातून फाइल काढली. दाखला मिळाला.

१७ ऑक्टोबर.

दाखला उलटा करून पाहिला. मागे काही नाही.

त्याच फाइलमध्ये खाली माझं ग्रंथालयाचं नेमणूकपत्र. 'दिनांक १९ नोव्हेंबरपासून रुजू व्हावे.' 

दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये ठेवल्यावर कोणाचाही गोंधळ झाला असता. फाइल बायकोनेच लावली आहे.

सकाळी १०.२०

या वहीतली १७ ऑक्टोबरची नोंद वाचली. गडद निळा ड्रेस.

पत्र पाठवलं नाही.

सकाळी ११.३०

मुलगी स्वयंपाकघरात होती. तिला म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "बाबा, कॅलेंडरवर आईने गोल केलाय. लाल." बघितलं. आहे. फ्रिजच्या दारावर, माझ्या नजरेच्या उंचीवर.

बायकोपुढे जाऊन म्हटलं की एक छोटी तांत्रिक चूक झाली आहे. ती म्हणाली, "कळलं मला. काल सहा वाजून सात मिनिटांनी कळलं. त्या कुलपासमोर." मग म्हणाली, "मला वाटलं होतं तू विसरला नव्हतास, फक्त बोलला नाहीस. म्हणून दिली मी सायकल."



३० ऑक्टोबर

बायको पहाटे साडेपाचला पायी निघाली. मीही उठलो. सोबत येतो म्हटलं. ती म्हणाली, "नको. तू वेल्डर बघ."

वेल्डर आला. नट वेल्ड केलेले, जादा किल्ली आत काचेच्या पेटीत, दारावर लाल दिवा. तो सगळं फिरून बघून आला. "मी म्हटलं होतं साहेब" असं म्हणेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "कुठून कापू?"

मागच्या बाजूची जाळी दाराएवढी कापली. ठिणगी उडून टोपलीचा एक कोपरा काळा झाला. सायकल बाहेर आली तेव्हा आजोबा टाळ्या वाजवत होते. या वेळी योग्य ठिकाणी.

३ नोव्हेंबर

बायको आता सायकल दिव्याच्या खांबाला बांधते. जाड साखळी, साधं पितळी कुलूप, किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला. मी तिला या पद्धतीतले धोके सांगायला गेलो. तीन सांगून झाले आणि थांबलो.

दवाखान्यातून फोन. उचलणार होतो. हिरडी दुखत नव्हती म्हणून नाही उचलला.

८ नोव्हेंबर

काल दहा दिवस संपले, हिरवा दिवा लागला, १७१० हा नवा नंबर घातला. आज बघायला गेलो तर तळात नऊ सायकली! दाराने कुणीच आत आलेलं नाही. सगळे मागच्या कापलेल्या भोकातून. दार उघडायचंच नाही म्हटल्यावर दाराची जागाही मोकळी झाली आहे, आणि हँडलं अडकू नयेत म्हणून कुणीतरी सायकली आलटूनपालटून उलट्यासुलट्या लावल्यात. मधे स्टुलावर पेपरवाले आजोबा. म्हणाले, "जाताना मला सांगून जातात. मी इथेच असतो ना दिवसभर. कोणाची कुठली ते मला बरोबर माहीत."

बाई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "बघा, शेवटी कोणाच्यातरी नजरेत ठेवल्या." आजोबांसाठी एक चांगली खुर्ची मागवतो म्हणाल्या. जुन्या निधीत तेवढी एकच बसते.

अहवालात लिहिलं: उपक्रम यशस्वी. ते खोटं नाही. पण नवात निळी नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन वाजला. कुलूप कंपनीचा समजून उचलला. दातांचा दवाखाना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "साहेब, किती फोन केले तुम्हाला! तुमची सायकल नेता का? सप्टेंबरपासून आमच्या अंगणात उभी आहे. झाडायला अडचण होते."

मी म्हटलं, कुठली सायकल?

ती म्हणाली, "दाढ काढली त्या दिवशी आणलेली. तुम्ही बसने गेलात."

संध्याकाळी गेलो. नळाशेजारी भिंतीला टेकून उभी होती. कुलूप हँडलला लटकलेलं, उघडं, किल्ली त्यातच. दोन महिने बारा दिवस, रस्त्याच्या कडेच्या उघड्या अंगणात, कुलूप न लावता. घंटीसुद्धा जागेवर. झाडणाऱ्या बाईंनी अधूनमधून पुसून ठेवली होती आणि एकदा हवा भरली होती. कॅरियरवर छत्री. माझी. 

दाराशी पोचेपर्यंत तीन कारणं तयार केली. पोलिसांनी शोधून दिली. चोराला पश्चात्ताप झाला. ही नवी घेतली. बायकोने दार उघडलं, सायकल पाहिली, छत्री पाहिली. तिन्ही कारणं गळाली. म्हटलं, दातांच्या दवाखान्यात होती.

तिने दार घट्ट धरलं. मग इतकी हसली की मुलगी बाहेर आली. मुलीला सांगितलं तर तीही जमिनीवर बसली. म्हणाली, "म्हणजे चोर नव्हताच?" बायको म्हणाली, "होता. तोच दाढ काढून आला होता."

१९ नोव्हेंबर, रविवार. रात्री १०.३०

नोकरीला आज पंचवीस वर्षं झाली. ग्रंथालयातून कुणाचाही फोन नाही.

सहाला बायको तो गडद निळा ड्रेस घालून बाहेर आली. म्हणाली, "चल, बाहेर जेवू. आज तुझी तारीख आहे." टोमणा होता. पण चप्पल तिने आधीच घातली होती.

सायकलींवर गेलो. ती पुढे, मी मागे. हॉटेलच्या दारात दिव्याचा खांब होता. मी माझ्या सायकलीचं कुलूप शोधत होतो. बहुतेक घरी राहिलं. तिने आपली साखळी टोपलीतून काढली, आधी तिच्या चाकातून ओवली, मग माझ्या चाकातून, मग खांबाभोवती, आणि कुलूप लावलं. साखळी दोघांना पुरते हे मला माहीत नव्हतं.

त्या कुलपात सुरक्षेची एकच पातळी आहे. साधी. मी काही बोललो नाही.

किल्ली तिने गळ्यात टाकली. जेवण होईपर्यंत मी तीनदा बाहेर डोकावून आलो. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.